नवरंगाची वाटी

नवरंग मी आयुष्यात एकदाच हातात धरला, आणि तो माझ्या हातातच मेला. पुढे तीस वर्षं मी मुलांना निसर्ग अभ्यास शिकवला. चिमणी, सुतार, सुगरण, खंड्या, सगळे पक्षी घसा ताणून शिकवले, पण नवरंगाचं चित्र आलं की पान उलटायचे. एखादं चौकस पोरगं म्हणायचं, "बाई, हा राहिला." मी म्हणायचे, "तो परीक्षेला येत नाही." मास्तरणीला असं एक उत्तर कायम हाताशी असतं, आणि त्याच्यावर पोरांचं काही चालत नाही.

साठच्या दशकातली मधली वर्षं ती. सिल्वासा म्हणजे तेव्हा एक मोठं खेडंच होतं. आज जिथे कारखान्यांच्या भिंती दिसतात तिथे गवत आणि साग होते. पोर्तुगीज जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, कचेऱ्यांतून मराठी, गुजराती, हिंदी अशी सगळी खिचडी चालायची, आणि शाळेत शिकवायला माणसं मिळत नव्हती म्हणून मुंबईहून, कोकणातून आमच्यासारख्यांना बोलावलं होतं. मी चिपळूणकडची. मॅट्रिक झालेली, वय बावीस, आणि स्वतःबद्दल मत फार चांगलं.

आम्हा दोघी शिक्षिकांना मिळून राहायला एक खोली दिली होती. जुन्या कौलारू इमारतीचा एक तुकडा, पुढे पडवी, मागे पडवी, मधे खोली. दुसरी शिक्षिका जवळच्या सुरंगी गावची. वारली घरातली मुलगी, आश्रमशाळेत राहून सातवी फायनल झालेली, वर ट्रेनिंग केलेली. माझ्याच वयाची. मी तिला नावाने, एकेरी हाक मारायचे. ती मला "बाई" म्हणायची आणि "तुम्ही" म्हणायची. हे असं का, असा प्रश्न मला दोन वर्षांत एकदाही पडला नाही. तिला पडला असेल तर तिने तो बोलून दाखवला नाही.

चुलीचंही तसंच झालं होतं. सुरुवातीला दोघींचं एकाच ओट्यावर शिजायचं. आमच्या घरी अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नसे, आणि ती एकदा सुकी मासळी भाजत होती तेव्हा मी नाक मुरडलं. तोंडाने काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन दगड मांडून तिने आपली चूल मागच्या पडवीत नेली. मी तिला जा म्हटलं नव्हतं, थांबही म्हटलं नाही. माझा स्टोव्ह ओट्यावर एकटाच ऐसपैस राहिला.

एवढं सोडलं तर आमचं बरं चाललं होतं. बरं कसलं, चांगलंच चाललं होतं. विंचू दिसला की मी खाटेवर चढायचे आणि ती हसत हसत त्याला चिमट्यात धरून बाहेर टाकून यायची. मी रस्त्याने जपून पाय टाकत चालायचे तर म्हणायची, "बाई, तुम्ही चालता का वाट मोजता?" मी तिला फळ्यावरचं अक्षर वळवून दिलं. ती मला संध्याकाळी केसांना तेल लावून द्यायची, आणि लावता लावता घरच्या गोष्टी सांगायची. त्या घरातलं पहिलं शिकलेलं माणूस ती होती. तिची नेमणूक मात्र हंगामी होती. हेडमास्तरांनी तिला सांगून ठेवलं होतं की पावसाचे चार महिने हजेरी न चुकता लागली, तर दिवाळीनंतर तुमचं नाव कायम करण्यासाठी वर पाठवतो. आणि पावसाळ्यात सुरंगीहून रोज येणं होण्यासारखं नव्हतं. एकच बस, तीही ओढ्याला पाणी आलं की बंद. म्हणजे ही खोली होती तोवर तिची नोकरी होती. हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. म्हणून तर मला आजवर कुठलीच सबब सापडत नाही.

जूनमध्ये सोमवारी शाळा उघडणार होत्या. आम्ही दोघी तीन दिवस आधीच गावाहून परतलो होतो. शुक्रवारी सकाळी मी पुढची कडी काढली तर पडवीत, भिंतीच्या कडेला, काहीतरी रंगीत पडलेलं. मला वाटलं शेजारच्या मुलांचा चिंध्यांचा चेंडू असेल. जवळ गेले तर तो पक्षी. पाठ हिरवी, पंखावर निळा चकचकीत डाग, डोळ्यांवरून काळी पट्टी, गळा पांढरा, पोटाखाली कुंकवासारखा लाल. शेपूट आखूड, जणू कुणी कातरून ठेवलं असावं. मी पक्ष्यांच्या पुस्तकात त्याचं चित्र पाहिलं होतं. "नवरंग!" मी ओरडलेच. "अगं ये, नवरंग आलाय आपल्याकडे!"

ती मागून आली, ओणवी झाली, आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत तिने त्याला उचललं. पक्षी गप्प बसला. "लागलं नाय त्याला," ती म्हणाली. "दमलाय. लांबून येतंय हे पाखरू, पावसाच्या आधी. रातीचं उडत येतं, कधी असं भिंतीवर आपटतं. अंधारात ठेवायचं, सांजचं झाडाखाली सोडायचं. आमच्याकडं याला दुसरं नाव हाय."

"असेल," मी म्हणाले. "पण पुस्तकात नवरंग आहे, मुलांना तेच सांगायचं. तुमचं नाव परीक्षेत कोण लिहिणार?"

ती हसली, आणि ते नाव तिच्याजवळच राहिलं.

सोमवारी तपासणीचे साहेब शाळा पाहायला येणार असं कानावर होतं. माझ्या डोक्यात लगेच चक्र फिरू लागलं. जिवंत नवरंग टेबलावर, मागे रंगीत तक्ता, मुलं डोळे विस्फारून बसलेली, साहेब दारात उभे. मी तिला सांगितलं, सोमवारपर्यंत ठेवू या, मग सोडू. तिला ते पटलं नव्हतं. "तीन दिस नाय जगणार बाई, त्याला किडा-मुंगी लागते," ती म्हणाली. मी म्हटलं, "मी देते ना खायला," आणि पक्ष्याला मागच्या पडवीत टोपलीखाली झाकलं.

आणि मी काय दिलं, तर भिजवलेली हरभऱ्याची डाळ. दुधात कुस्करलेली पोळी. एक हिरवी मिरची. आमच्या घरी पोपट होता, तो हेच खायचा आणि चांगला गलेलठ्ठ होता. पक्षी म्हटला की डाळ आणि मिरची, एवढंच माझं ज्ञान. डाळ ठेवायला उथळ भांडं हवं होतं म्हणून मी माझी काशाची वाटी काढली. निघताना आईने दिलेली, रोज आमटीला वापरायची. ती मीच माझ्या हाताने टोपलीखाली सरकवली. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मी वागले ते अशी काही वाटी मला माहीतच नसल्यासारखी.

शुक्रवारभर नवरंगाने चोचही लावली नाही. शनिवारी सकाळी तो टोपलीखाली पिसं फुगवून बसला होता. मी कापसाचा बोळा दुधात बुडवून त्याच्या चोचीशी धरला, दूध गळ्यावरून ओघळलं. पांढरा गळा चिकट झाला. ती दारात उभी राहून बघत होती. "बाई, मी सुरंगीला नेते त्याला," ती म्हणाली. "आत्ताच्या बसने. आमच्या घरामागं गर्द झाडी हाय." मी म्हटलं, "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. तू उगाच घाबरतेस." आणि मी तक्ता रंगवायला शाळेत निघून गेले.

दुपारी परत आले. मागची पडवी उघडी होती, टोपली अर्धी उचललेली होती, आणि ती उकिडवी बसली होती. माझ्या वाटीतली डाळ बाजूला पानावर काढलेली होती. वाटीत ओली माती होती, आणि मातीत वळवळणारी गांडुळं आणि पांढरी वाळवी. नवरंग वाटीच्या काठाशी उभा होता. त्याने मान तिरपी केली, एक गांडूळ चोचीत धरलं, जमिनीवर दोनदा आपटलं आणि गिळलं. डोळे लख्ख झाले होते त्याचे. तो खात होता, जगत होता. हे मी पाहिलं. पाहिलं नसतं तर निदान अज्ञानाची सबब तरी उरली असती.

माझ्या अंगावर शहारा आला आणि मग डोकं फिरलं. माझी वाटी! आईची वाटी! मी पुढे होऊन वाटी उचलली आणि आतलं सगळं अंगणात भिरकावलं. पक्षी फडफडून कोपऱ्यात आपटला. मी म्हणाले, "तुमच्यात चालत असेल हे. माझ्या घरात चालायचं नाही."

माझ्या घरात. घर सरकारचं होतं. खोलीच्या हुकमावर वरचं नाव माझं आणि खालचं तिचं होतं, एवढाच काय तो फरक.

ती उठली, माझ्या हातातून वाटी घेऊ लागली, "घासून देते" म्हणाली. मी हात मागे घेतला. "राहू दे, मी घासते." आणि मी तिच्या डोळ्यांदेखत ती वाटी राखेने घासली, मग चिंचेने घासली, मग पुन्हा राखेने. वरून कढत पाणी ओतलं. एवढं करून ती स्वयंपाकात न घेता वरच्या फळीवर पालथी घातली. ती दाराला टेकून हे सगळं बघत होती. तिने मासळीच्या वेळी माझं मुरडलेलं नाक पाहिलं होतं, आता तिने घासणं पाहिलं. घासण्याचा अर्थ तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी तिने ट्रंक भरली. मी खाटेवर वही तपासत असल्याचं सोंग घेऊन बसले होते. सुट्टीत तपासायला वह्या कुठल्या? रविवारी सकाळी ती बससाठी निघाली. उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "बाई, आज सांजचं तरी सोडा त्याला." तिने स्वतःसाठी एक शब्द काढला नाही. मी "बघते" म्हणाले. 'तू कुठे चाललीस, पावसाळ्यात कशी येशील', हे दोन प्रश्न माझ्या अगदी ओठाशी आले होते. पण मला वाटलं, दोन दिवसांत राग उतरेल आणि येईल आपणहून. राग तिला आला होता असं धरून मी चालले होते. नाटक सगळं माझं होतं, आणि तिची समजूतही मीच काढणार होते म्हणे, पण आधी तिने यायचं.

त्या दिवशी दुपारी नवरंग मेला. मी पुन्हा बोळ्याने दूध पाजत होते. माझ्या तळहातावर त्याने पाय आखडले आणि मान टाकली. मरताना तो अगदी हलका लागला. मी त्याला पेरूच्या झाडाखाली पुरलं आणि नंतर खूप रडले. त्या रडण्यात पक्ष्यासाठी किती, साहेबांपुढे काय मांडू यासाठी किती आणि तिच्यासाठी किती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. तिच्यासाठी सगळ्यांत कमी होतं एवढं नक्की, कारण ती परत येणार अशी माझी खात्री होती.

सोमवारी साहेब आलेच नाहीत. ती आली, सुरंगीहून, पहिल्या बसने, वेळेवर. मी फळ्यावर तक्ता टांगला, खाली सुबक अक्षरात 'नवरंग' लिहिलं. मधल्या सुट्टीत ती तक्त्यासमोर उभी होती. "छान काढलाय," म्हणाली. मी "मेला तो" म्हणाले. तिने मान हलवली, आणि आपल्या वर्गावर गेली.

पुढचे पंधरा दिवस ती रोज आली. मग ओढे भरले आणि बस बंद पडली. दोनदा ती चालत आली, साडीचा घोळ गुडघ्यापर्यंत भिजलेला, छत्री मोडलेली. मी तिला टॉवेल दिला. "आजची रात्र राहा," असंही म्हटलं एकदा. ती म्हणाली, "नको बाई, घरी वाट बघतील." एका रात्रीचं आमंत्रण मी पाहुणीला देतात तसं दिलं होतं. 'तुझी खोली आहे, चूल आत घे, ये परत', हे म्हणायला हवं होतं. ते म्हणायला मला वेळ किती होता! सबंध जुलै होता, सबंध श्रावण होता. तिच्या नावापुढे हजेरीपटात लाल शाईच्या खुणा वाढत गेल्या, त्या मी रोज माझी सही करताना पाहत होते.

ऑगस्टअखेरीस हेडमास्तरांनी मला बोलावलं. "त्या तुमच्याकडेच राहत होत्या ना? मग काय झालं?"

"तिला एकटं राहणं जमेना सर," मी म्हणाले. "घरची ओढ फार."

त्यांनी मान डोलावली. त्यांना ते लगेच पटलं, कारण त्यांनाही तेच ऐकायचं होतं. दिवाळीनंतर तिचं नाव वर गेलं नाही. तिच्या जागी गुजराती बोलणारे एक गुरुजी आले. मागच्या पडवीतले तीन दगड मी बरेच दिवस तसेच ठेवले होते, पुढे कुणीतरी त्यांवर माठ ठेवला.

दोन वर्षांनी शिक्षकांवर घरोघरी फिरून कुटुंबांची माहिती भरायचं काम आलं. मे महिन्याची अखेर होती. माझ्या वाट्याला सुरंगी आली. एक सहकारी बदलून घ्यायला तयार होते, मी नाही म्हटलं. एवढं एक धाडस मी केलं, आणि रस्ताभर त्याचा पश्चात्ताप करत गेले.

तिचं घर शोधावं लागलं नाही, तिनेच मला लांबून ओळखलं. "बाई! अजून वाट मोजताच!" म्हणत ती पुढे आली. डोक्यावरचा गवताचा भारा तिने उतरवून ठेवला. लग्न झालं होतं, नवरा जंगलात लाकूडतोडीला गेला होता. तिने अंगणात खाट टाकली. मी माहितीचे कागद उघडून बसले आणि जीव मुठीत धरून एकेक रकाना विचारू लागले. नाव. वय. शिक्षण. "सातवी फायनल, ट्रेनिंग," हे मी तिला न विचारताच लिहिलं, अगदी सावकाश. त्या गावाच्या सगळ्या कागदांत तेवढी एकच नोंद तशी होती.

"व्यवसाय?"

"मजुरी लिहा," ती म्हणाली.

मी लिहिलं. ते वळणदार अक्षर मला बघवेना. मी म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोलले..." तिने मला पुढे बोलू दिलं नाही. "उन्हं चढतात बाई. तुम्हाला अजून पुष्कळ घरं करायची असतील." ती रागाने म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती काळजीने म्हणाली.

तेवढ्यात घरामागच्या झाडीतून शीळ आली. दोन सुरांची, स्वच्छ. थांबून पुन्हा आली. आम्ही दोघींनी एकदमच तिकडे पाहिलं. मी विचारलं, "याला तुमच्याकडे काय म्हणतात, ते तू सांगणार होतीस. राहून गेलं बघ."

तिने माझ्या मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं. "त्याचा रकाना हाय का यात?"

"नाही."

"मग राहू द्या," ती म्हणाली आणि आत गेली.

ती पाणी घेऊन बाहेर आली. तिच्या हातात एक पितळी फुलपात्र होतं, लख्ख, बाजारातून आणलेलं, ज्याच्या बुडाला कागदाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. दाराशी त्यांची रोजची अॅल्युमिनियमची भांडी पालथी होती, त्यांतलं एकही तिने घेतलं नव्हतं.

"प्या बाई," ती म्हणाली. "नवं हाय. आमच्यातल्या कुणी तोंड लावलेलं नाय याला."

मला त्या पालथ्या भांड्यांतलं पाणी हवं होतं. ते मला मागता आलं नाही. मी फुलपात्र तोंडाला लावलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.